अठरा पूर्ण झाल्यावरचे तीस दिवस: कोल्हापुरात पहिलं लायसन्स काढताना

"मॅडम, गाडी येतीय हो तिला. नववीपासनं चालवतीय. तेवढं लायसन्सचं बघा फक्त."

मी गेली अकरा वर्षं कोल्हापुरात मुलींना आणि बायकांना स्कूटर आणि कार शिकवते, आणि हे वाक्य महिन्यातनं दोन-तीनदा तरी ऐकते. वडील मनापासून बोलत असतात. मुलगी शेजारी हसत उभी असते. मग मी तिला एवढंच विचारते, "राजारामपुरीत मेन रोडवरनं उजवीकडच्या गल्लीत वळायचंय. हँडल वळवायच्या आधी काय काय करशील?" ती म्हणते, इंडिकेटर लावीन. बरोबर. आणि? पुढं काही येत नाही. आरसा नाही, मान वळवून मागं बघणं नाही, समोरून येणाऱ्याला आधी जाऊ देणं नाही. तोल सांभाळता येतो आणि गाडी पळवता येते, म्हणजे गाडी आली, असं घरात सगळ्यांनी धरलेलं असतं.

लायसन्स काढणं आता अवघड राहिलेलं नाही. अर्ज घरबसल्या होतो, पहिली परीक्षाही घरबसल्या होते. पण लर्निंग आणि पक्कं लायसन्स यांच्यामध्ये कायद्यानं किमान तीस दिवस ठेवलेत, आणि माझा सगळा जीव त्या तीस दिवसांत अडकलेला आहे. बाकीच्या पायऱ्या सांगतेच, कारण नव्या माणसाला पहिल्यापासनं सांगितलं तरच उपयोग.

आधी वय मोजा

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ४ प्रमाणे गिअरची मोटारसायकल, आपल्या रोजच्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटर आणि कार, या सगळ्यांसाठी १८ वर्षं पूर्ण पाहिजेत. अठरावं लागलं म्हणून चालत नाही. वाढदिवस होऊ द्या आणि मग अर्ज भरा.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं आहे, पण ते ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि त्याला पालकांची लेखी संमती लागते. आज शोरूममध्ये उभी असलेली पेट्रोलची स्कूटर बघा, तिचं इंजिन त्याच्या दुपटीहून मोठं असतं. म्हणजे सोळाव्या वर्षी ते लायसन्स काढून अकरावीच्या पोराच्या हातात ॲक्टिव्हा दिली, तर कायद्याच्या नजरेत ते पोर बिनलायसन्सचंच आहे. दर वर्षी जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की चार-पाच पालक तरी माझ्याकडे हीच समजूत घेऊन येतात.

बॅटरीच्या गाडीचंही तसंच. दुकानदार म्हणतो, "हिला लायसन्स लागत नाही." तेव्हा गाडीच्या कागदावरचे दोन आकडे बघा. मोटरची ताकद २५० वॅटच्या आत आणि वेग जास्तीत जास्त ताशी २५ किलोमीटर असेल, तरच ती लायसन्सच्या बाहेर. त्याहून पळणारी, नंबरप्लेट असलेली इलेक्ट्रिक स्कूटर ही कायद्यानं मोटार वाहनच आहे.

आणि चावी कुणाच्या हातात द्यायची, याचा हिशोब आईवडिलांच्या नावावर लिहिला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पंचवीस म्हणजे शिक्षण संपून नोकरी लागायचं वय. "कोपऱ्यावरच्या दुकानातनं दूध आणायला" दिलेल्या चावीनं हे घडू शकतं. पोरांनो, हे तुम्ही घरी वाचून दाखवा. आमचं सांगणं काही आयांना पटत नाही, मुलांचं पटतं.

कागदपत्रं: आधारकडे बघा

महाराष्ट्रात २०२१ पासनं लर्निंगची परीक्षा आधारच्या आधारे घरबसल्या देता येते. त्यामुळं अर्धं काम आधार कार्डावर येऊन ठेपतं, आणि पोरं अडकतात तीही तिथंच. अर्जाला बसायच्या आठवडाभर आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना. पुष्कळदा तो वडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर असतो. ओटीपी त्यावरच जातो. दुसरी, नाव आणि जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटशी जुळतात ना. आधारवरची माहिती अर्जात आपोआप उतरते, तिथं खाडाखोड करता येत नाही. आडनावाच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर आज चुकीचं राहिलं, तर तेच पक्क्या लायसन्सवर आणि उद्या पासपोर्टच्या वेळी पुन्हा समोर उभं राहतं. तिसरी, फोटो. मुलांचं आधार पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांच्या ठशांसकट अपडेट करायचं असतं. पंधराव्या वर्षीचं राहून गेलेली पोरं अजून दिसतात, आणि त्यांच्या लर्निंगवर दुसरीतल्या पोराचा फोटो येतो. आधी आधार केंद्रावर जाऊन या.

ज्यांना आधारच्या वाटेनं जायचं नाही, त्यांना कागद अपलोड करून परीक्षेसाठी आरटीओत जावं लागतं. वयाच्या पुराव्याला शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला काढून ठेवा. डॉक्टरचं सर्टिफिकेट तुमच्या वयाला लागत नाही. ते चाळिशी ओलांडलेल्यांना आणि धंद्याची गाडी चालवणाऱ्यांना लागतं. तुम्ही फक्त नमुना १ भरायचा, म्हणजे तब्येतीचं स्वतः दिलेलं निवेदन.

या नमुना १ वर मी थोडी थांबणार आहे. सगळे त्यावर न वाचता टिक करून पुढं जातात. त्यात एक प्रश्न आहे: चांगल्या उजेडात २५ मीटरवरची गाडीची नंबरप्लेट तुम्हाला वाचता येते का? मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला हे खरोखर करायला लावते. माझ्या दारातनं समोरच्या गिरणीपर्यंत मोजून तेवढं अंतर आहे, तिथं लावलेल्या गाडीचा नंबर वाचून दाखवायचा. दोन वर्षांपूर्वी एक बारावी झालेली मुलगी शेवटचे दोन आकडे सांगेना. आम्हाला वाटलं लाजतीय. डोळे तपासल्यावर दीड नंबर निघाला. पोरगी फळ्यावरचं वाचायला सहा वर्षं पहिल्या बाकावर बसत होती, आणि ते घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हा अंगणात नाहीतर गल्लीत मोजून २५ मीटर जा, वाचा आणि मग टिक करा.

अर्ज आणि पैसे

केंद्र सरकारच्या परिवहन खात्याचं 'सारथी' नावाचं पोर्टल आहे. पत्ता नीट बघा, शेवट 'जीओव्ही डॉट इन' असाच पाहिजे. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट आहेत, आणि व्हॉट्सॲपवर आरटीओच्या नावानं आलेलं कुठलंही ॲप उघडू नका, त्यातनं बँक खाती रिकामी झालेली आहेत. महाराष्ट्र निवडा, लर्निंगचा अर्ज निवडा. आरटीओ निवडताना आपल्या पत्त्याचं कार्यालय आलंय ना बघा. कोल्हापूरचा कोड एमएच ०९, कार्यालय ताराबाई पार्कात.

मग गाडीचा प्रकार. इथं विचार करून टिक करा. 'बिनगिअरची मोटारसायकल' घेतली तर फक्त स्कूटर चालवता येईल. 'गिअरची' घेतली तर दोन्ही चालतात, पण पक्क्या परीक्षेला गिअरचीच गाडी न्यावी लागेल. मुली सवयीनं बिनगिअरवर टिक करतात आणि दोन वर्षांनी नोकरीच्या गावी भावाची बाइक चालवायची वेळ आली की पुन्हा पहिल्यापासनं सगळं करतात. शिकायची तयारी असेल तर गिअरचीच घ्या. कारही शिकायची असेल तर 'हलकं मोटार वाहन' याच अर्जात जोडा. अर्जात रक्तगट विचारतात, तो अंदाजानं टाकू नका. अवयवदानाला संमती आहे का, हेही विचारतात. त्यावर घरात एकदा बोला.

पैशाचं सांगते. नियमाप्रमाणे लर्निंगला गाडीच्या प्रत्येक प्रकारासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. पुढं पक्क्याला प्रत्येक प्रकाराच्या चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २००. पोर्टलवर शेवटी दिसणारा आकडा थोडा जास्त असतो, कारण कार्डाचे आणि टपालाचे पैसे त्यात धरलेले असतात. हे आकडे लिहून ठेवा, म्हणजे कुणी अडीच-तीन हजार मागितले तर ते कशाचे हे विचारता येईल.

अर्ज स्वतः भरा. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीचा अर्ज एका एजंटानं भरला आणि मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. ओटीपी त्याच्याकडे, अपॉइंटमेंटचा मेसेज त्याच्याकडे. तो लग्नसराईत गावाला गेला आणि इकडे तिची चाचणीची तारीख निघून गेली. तिला कळलं चार दिवसांनी. बारावी झालेल्या पोरीला जो अर्ज तासाभरात भरता आला असता, त्यापायी महिना गेला.

घरबसल्या परीक्षा

परीक्षेच्या आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ दाखवतात, तो पूर्ण बघितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. परीक्षा मराठीत देता येते. पंधरा प्रश्न, त्यातले साठ टक्के, म्हणजे नऊ बरोबर यायला हवेत. चुकलं तर पन्नास रुपये भरून पुन्हा.

अभ्यास फार नाही. चिन्हांचे आकार आधी डोक्यात बसवा. लाल वर्तुळ म्हणजे मनाई किंवा हुकूम, तो मोडला तर गुन्हा. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे सावध राहा, पुढं वळण, शाळा, अरुंद पूल. निळी चौकट म्हणजे माहिती, दवाखाना, पेट्रोल पंप. एवढं कळलं की निम्मी चिन्हं पाठ न करता ओळखता येतात. त्याशिवाय हाताचे इशारे, ओव्हरटेक कुठं करायचं नाही, रुग्णवाहिकेला वाट देणं, अपघात झाला तर काय करायचं, हे वाचून जा. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर आहे. जखमीला मदत करणाऱ्या भल्या माणसाला कायद्याचं संरक्षण आहे, त्याला पोलीस ठाण्यात अडकवून ठेवता येत नाही. हे प्रश्नाच्या उत्तरापुरतं लक्षात ठेवू नका.

आणि दादानं शेजारी बसून उत्तरं सांगायची नाहीत. घरात कुणी बघायला नाही, हे मला माहीत आहे. तरीही सांगते. मला एक मुलगा माहीत आहे, ज्याला 'पुढं अरुंद पूल' हे चिन्ह ओळखता येत नव्हतं आणि हातात लर्निंग होतं. तो रोज पंचगंगेच्या पुलावरनं कॉलेजला जायचा.

पास झालात की लर्निंग लगेच डाउनलोड होतं. ते सहा महिने चालतं.

तीस दिवस

लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. बहुतेक घरांत हे दिवस कॅलेंडरवर नुसते खोडले जातात. पोरगं आधीपासून गाडी चालवतंय, लर्निंग आलं म्हणजे आता पोलिसांची भीती गेली, म्हणून आणखी मोकाट चालवतं. लर्निंगची अट कुणी वाचत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ३ प्रमाणे, शिकताना सोबत पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा माणूस पाहिजे. गाडीला पुढं आणि मागं पांढऱ्यावर लाल 'एल' पाहिजे, पाटी किमान १८ सेंटिमीटरची चौकोनी, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. दुचाकीवर त्या शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला मागं बसवायचं नाही. मैत्रिणीला नाही, धाकट्या भावालाही नाही. म्हणजे लर्निंगवर एकट्यानं कॉलेजला जाणं हेसुद्धा नियमात बसत नाही.

तर हे तीस दिवस असे काढा. घरातल्या एका शांत माणसाला पकडा. वडीलच पाहिजेत असं नाही. ओरडणारे वडील आणि शांत मावशी यांत मावशी निवडा. रोज अर्धा तास, शक्यतो सकाळी साडेसहाला. कोल्हापुरात मी पहिले काही दिवस शेंडा पार्कच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यांवर घालवते. रंकाळ्याला नेऊ नका, सकाळी तिथं चालणाऱ्यांची गर्दी असते आणि ती माणसं मागं न बघता चालतात.

पहिला आठवडा फक्त हळू चालवायचा. वेगात तोल कुणालाही सांभाळता येतो, चालणाऱ्या माणसाच्या चालीनं गाडी सरळ रेषेत न्यायला खरं कसब लागतं. थांबताना दोन्ही ब्रेक, पुढचा आणि मागचा, एकदमच पण हळूहळू दाबत आणायचे. पावसाळ्यात शिकत असाल तर हे दहापट महत्त्वाचं. आपल्याकडच्या पावसात ओल्या डांबरावर नुसता पुढचा ब्रेक कचकन दाबला की गाडी खाली, माणूस खाली.

दुसऱ्या आठवड्यापासून राजारामपुरी. तिथल्या गल्ल्या नंबरानं ओळीत आहेत, आणि दर पन्नास-साठ पावलांवर एक तोंड येतं. शिकायला याच्याइतकी चांगली जागा शहरात नाही. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वेग कमी, उजवीकडे बघ, डावीकडे बघ, पुन्हा उजवीकडे बघ. मी मागं बसून मोठ्यानं बोलायला लावते: "आरसा बघितला. इंडिकेटर लावला. मागं बघितलं. समोरून रिक्षा येतीय, थांबते." पोरींना पहिल्या दिवशी लाज वाटते, रस्त्यावरची माणसं बघतात. चौथ्या दिवशी बोलणं थांबलं तरी मान आपोआप वळायला लागते.

तिसऱ्या आठवड्यात कावळा नाका, दसरा चौक, गर्दीच्या वेळी. महाद्वार रोड आणि पापाची तिकटी शेवटी ठेवा, कारण तिथं गाडीपेक्षा माणसं जास्त, आणि हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, दहा-दहा मिनिटं गाडी धरावी लागते. चौथ्या आठवड्यात एकदा संध्याकाळी अंधार पडल्यावर जाऊन या. समोरून गाडी आली की डिपर द्यायचा आणि तिच्या दिव्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघायचं, हे दिवसा शिकवता येत नाही.

कार शिकणाऱ्यांनी ड्रायव्हिंग स्कूलकडे नियम धरून मागणी करा. स्कूलचा कोर्स किमान एकवीस दिवसांचा आणि प्रत्यक्ष हातात स्टीअरिंग किमान दहा तास, असं नियम ३१ सांगतो. पुष्कळ ठिकाणी रोज वीस मिनिटं, त्यातली दहा दुसऱ्या विद्यार्थ्याला घरी सोडण्यात जातात. वहीत तारीख आणि मिनिटं लिहून ठेवा. मी स्वतः या धंद्यात आहे म्हणून हे सांगायला मला संकोच नाही. तुम्ही पैसे मोजलेत, तास मोजायचा तुम्हाला हक्क आहे.

आठ

दुचाकीच्या चाचणीत बहुधा इंग्रजी आठचा आकडा काढायला लावतात, पाय न टेकता. पोरं सगळ्यात जास्त घाबरतात ती याला.

मागच्या डिसेंबरात माझ्याकडे एक मुलगी होती, कबड्डी खेळणारी, अंगात ताकद भरपूर. मैदानावर फक्की मारून मी आठ काढला. ती दर वेळी दुसऱ्या गोलाच्या तोंडाशी पाय टेकायची. सहा वेळा, सात वेळा. हँडल इतकं घट्ट धरलेलं की बोटांची पेरं पांढरी पडलेली. मी तिच्या शेजारनं चालत बघत होते, आणि लक्षात आलं की ती सगळा वेळ पुढच्या चाकाकडे बघतीय. चाक फक्कीच्या रेषेवर आहे का, एवढंच. मी माझी ओढणी काढून मैदानाच्या कडेच्या लिंबाच्या फांदीला बांधली आणि म्हटलं, "पहिला गोल पूर्ण होत आला की चाक सोड, ओढणीकडे बघ." दुसऱ्या फेरीला गाडी वळली. तिला स्वतःला कळलं नाही कशी. नजर जाते तिकडे खांदे वळतात, आणि खांदे वळले की गाडी वळते.

बाकी कृती अशी. स्कूटर असेल तर एक्सीलरेटर थोडासा आणि एकसारखा धरून ठेवा, आणि वेग डाव्या हाताच्या, म्हणजे मागच्या ब्रेकनं किंचित आवरा. एक्सीलरेटर सोडायचा-धरायचा केलं की गाडी हिसके खाते आणि पाय जातो. पुढच्या ब्रेकला वळणात बोट लावू नका. गिअरची गाडी असेल तर पहिला गिअर, हाफ क्लच, आणि क्लच पूर्ण सोडायची घाई नको. आठ मोठा काढा. चाचणीच्या मैदानावर जागा असते, तरी पोरं भीतीनं मुटकुळं करून छोटा आठ काढतात.

पक्क्याची तारीख

एकतिसाव्या दिवसापासून अर्ज करता येतो. लर्निंगचा नंबर आणि जन्मतारीख टाकली की पोर्टल पक्क्याच्या अर्जावर नेतं, पैसे भरून स्लॉट घ्यायचा. मे महिन्यात बारावीवाल्यांची झुंबड असते आणि तारखा लांबच्या मिळतात. जमत असेल तर दिवाळीनंतरचे दोन महिने धरा, गर्दी कमी आणि मैदान कोरडं. सहा महिन्यांची मुदत संपेपर्यंत थांबू नका. मुदत संपली की नवं लर्निंग, नवे पैसे, नवे तीस दिवस.

चाचणी कुठं आहे ते अपॉइंटमेंटच्या स्लिपवर लिहिलेलं असतं, ते वाचून जा. सोबत लर्निंगची प्रिंट, स्लिप, मूळ आधार, आणि गाडी तुम्हीच न्यायची असल्यानं तिची कागदपत्रं: आरसी म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, चालू विमा, चालू पीयूसी म्हणजे धूर तपासल्याचं सर्टिफिकेट. पीयूसीची मुदत आदल्या रात्री बघा, सकाळी नको. गाडीला 'एल' लावलेला, डोक्यावर आयएसआय मार्कचं हेल्मेट पट्टा लावून, पायात चपलेऐवजी बूट. आणि तिथपर्यंत गाडी लायसन्सवाल्या माणसानं आणायची. स्वतः एकट्यानं चालवत आरटीओच्या दारात जाणारी पोरं मी पाहिली आहेत.

निरीक्षक साहेब काय बघतात? आठ, सरळ चालवणं, हाताचे इशारे, थांबणं. कारला पुढं-मागं घेणं, चढावर गाडी मागं न सरकता उचलणं. पण त्याआधी, तुम्ही गाडीवर बसताना आरसा सारखा करता का, निघताना मागं वळून बघता का, हेही नियम १५ मधल्या यादीत आहे. मनात एक ते दहा मोजत सावकाश निघा. मागं रांग आहे म्हणून घाई करू नका.

पाय टेकला, नापास झालात, तर सात दिवसांनी पुन्हा येता येतं. तीनदा नापास झालं तर मात्र शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावं लागतं. नापास होणाऱ्यांना मी एकच गोष्ट विचारते, नेमकं कुठं? "आठ जमला नाही" हे उत्तर मला नको असतं. पहिल्या गोलात की दुसऱ्या, डावीकडे वळताना की उजवीकडे? तेवढं सांगता आलं तर सात दिवस पुरतात.

कार्ड हातात आल्यावर

कार्ड स्पीड पोस्टानं अर्जातल्या पत्त्यावर येतं. आधारवर गावाकडचा पत्ता असेल तर ते गावी जाईल, आजीला आधीच सांगून ठेवा. तोवर डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहन ॲपमध्ये दिसणारं लायसन्स रस्त्यावर मूळ कार्डाइतकंच ग्राह्य आहे. मुदत वयाच्या चाळिशीपर्यंत असते.

हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्याला, दोघांनाही. ते नसलं किंवा तिघं बसलात तर कायद्यात प्रत्येकी १,००० रुपये दंड आहे आणि लायसन्स तीन महिने बाजूला जातं. म्हणजे ज्या कार्डासाठी इतकं केलं ते ज्योतिबाच्या एका ट्रिपल सीट फेरीत जाऊ शकतं.

आणि ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की राधानगरी रोड, गगनबावडा रोड, कागल, शिरोळकडचे रस्ते, सगळीकडे ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या शेंड्यांखाली झाकलेला. अंधारात ती ट्रॉली दिसत नाही. दिसतो तो फक्त रस्त्याचा एक तुकडा, बाकीच्यापेक्षा जास्त काळा. नव्या लायसन्सवाल्यांनी पहिल्या हंगामात गावाकडच्या रस्त्यांवर दिवस मावळायच्या आत घरी यावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. यायला उशीर झालाच तर वेग चाळिशीच्या खाली ठेवा, हेडलाइटचा उजेड पोहोचतो तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच. पुढं ट्रॉली दिसली तर चिकटून जाऊ नका, खाली पडलेल्या उसावरनं चाक घसरतं. तिला लांब राहून, समोरचा रस्ता पूर्ण मोकळा दिसल्यावरच ओलांडा. दोन ट्रॉल्यांची लांबी अंधारात डोळ्यांना कळत नाही, वाटतं त्यापेक्षा ती पुष्कळ जास्त असते. मोकळा रस्ता दिसला नाही, तर डाव्या कडेला सुरक्षित जागा बघून थांबा, घरी फोन करा की दहा मिनिटं उशीर होईल, आणि ट्रॅक्टर पुढच्या गावाच्या दिव्यांत पोचू द्या.